नावाड्याचं आमंत्रण

विद्यार्थ्यांना मोबाइलवर शिकायला आवडतं की नाही, हे चार देशांत एकाच वेळी शोधून काढायचं असं कुठल्याशा परिषदेत ठरलं आणि त्यातला इजिप्तचा वाटा डॉक्टर बहगत शलबी यांच्या गळ्यात पडला. गळ्यात पडला, असं ते लोकांना सांगत. खरं म्हणजे त्यांनी तो मागून घेतला होता.

त्याला कारण होतं. डीन शाहिनाझबाईंनी बैठकीत सांगून टाकलं होतं की मुलांचा कौल मोबाइलकडे गेला, तर सांख्यिकीचे तास पुढच्या सत्रापासून बंद. डॉक्टरांनी घरी बसून धडे रेकॉर्ड करायचे, मुलांनी ते जमेल तेव्हा ऐकायचे, आणि चार नंबरच्या हॉलची भिंत पाडून शेजारचं कॅन्टीन मोठं करायचं. "तुम्हालाही तेवढाच आराम, डॉक्टर," असं त्या प्रेमाने म्हणाल्या.

आराम डॉक्टरांच्या घरी पोत्याने पडला होता. मन्सूऱ्यातल्या नदीकाठच्या त्या इमारतीत, पाचव्या मजल्यावर, बायको अवातिफ गेल्यापासून इतकी शांतता होती की फ्रिज सुरू झाला तरी डॉक्टर मान वर करून बघत. मुलगा तामिर दोहाला. दिवसभरात डॉक्टरांच्या तोंडून पूर्ण वाक्य बाहेर पडायचं ते फक्त चार नंबरच्या हॉलमध्ये. मुलं तिथेही खाली मान घालून मोबाइलच बघत, ही गोष्ट निराळी. पण निदान टाळकी दिसत. रिकाम्या घराला सरासरी शिकवून बघा, म्हणजे टाळक्यांची किंमत कळेल. तेव्हा हॉल वाचवायचा आणि तो शास्त्रशुद्ध मार्गाने वाचवायचा, असा डॉक्टरांनी विडा उचलला.

प्रश्नावली त्यांनी स्वतः तयार केली. चौथ्या मजल्यावरच्या मादाम इन्शिराह या शाळांच्या निवृत्त तपासनीस. निवृत्त झाल्या तरी तपासणी सुटली नव्हती. त्यांनी जिन्यात उभं राहून सगळे प्रश्न वाचले आणि सांगितलं की पहिल्या प्रश्नाआधी मुलांच्या आईवडिलांची खुशाली विचारा, एकदम कामाचं बोलणं बरं दिसत नाही. दारवान अम्म रगब याचं म्हणणं पडलं की प्रश्नांबरोबर चहा द्यावा. डॉक्टरांनी दोघांचे आभार मानले आणि दोघांचंही ऐकलं नाही. शास्त्रात चहा बसत नाही.

उत्तरं आली आणि डॉक्टर हादरले. प्रत्येक मुलाने प्रत्येक प्रश्नापुढे "पूर्ण सहमत" लिहिलं होतं. हॉलमधला तास मोबाइलपेक्षा चांगला का? पूर्ण सहमत. मोबाइलवरचा धडा हॉलपेक्षा चांगला का? पूर्ण सहमत. शेवटच्या बाकावर बसणाऱ्या हातिम नावाच्या मुलाने तर समासात लिहिलं होतं, "आपण जे काही विचारलं असेल त्याच्याशी, आणि जे विचारायचं राहिलं असेल त्याच्याशीही." पिकल्या केसांचा प्राध्यापक स्वतः येऊन काही विचारतोय आणि त्याला तोंडावर "नाही" म्हणायचं, असली अवलाद त्या मुलांच्या आयांनी जन्माला घातली नव्हती. आयुष्यभर माणसामाणसांतला फरक मोजण्याचं शास्त्र शिकवलेल्या माणसाच्या हातात फरक म्हणून काही आलंच नाही.

बाकीच्या देशांचं काय झालं, ते कळल्यावर थोडा धीर आला. जॉर्डनच्या मुलांनी तेच केलं होतं, वर दुवाही दिली होती. मलेशियाच्या मुलांनी कुणाचं मन दुखवायला नको म्हणून सगळीकडे मधलाच रकाना भरला होता. नायजेरियाच्या मुलांनी रकाने सोडून वीज कधी जाते आणि वसतिगृहातल्या खुर्च्या कशा मोडक्या आहेत, यावर निबंध लिहिले होते. परिषदेने डोक्याला हात लावला आणि ठराव केला की आधी महिनाभर खरोखरच मोबाइलवर शिकवा आणि मग विचारा.

म्हणजे जी बला टाळायला डॉक्टर निघाले होते, ती आपल्या हाताने घरात आणायची वेळ आली. पण शब्द दिलेला होता. त्यांनी मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला, घसा साफ केला आणि पहिला धडा सुरू केला. "प्रिय विद्यार्थ्यांनो," म्हणतात तोच खाली गॅस सिलिंडरवाल्याने पान्याने सिलिंडर बडवायला सुरुवात केली. तो गेला तसा जुनं सामान घेणारा आला. त्याची आरोळी अशी घुसली की धड्यात "सरासरी म्हणजे" याच्या पुढे "जुने पंखे, जुनी भांडी" असं ऐकू येऊ लागलं. मुलांनी कळवलं की धडा फार आवडला, विशेषतः व्याख्या.

मग दारं-खिडक्या लावून रेकॉर्डिंग सुरू झालं, तर निराळंच लफडं. मादाम इन्शिराह यांच्या छतातून त्यांना रोज सकाळी डॉक्टरांचा आवाज ऐकू येऊ लागला, आणि तोही लाडीगोडीचा. "आता नीट लक्ष द्या हं, माझ्या सोन्यांनो," असं एकटा राहणारा विधुर कुणाला म्हणेल? दोन दिवसांत इमारतभर झालं की शलबींनी बाई आणून ठेवली आहे. अम्म रगबने जिन्यात गाठून, नजर जमिनीकडे ठेवून विचारलं, "साहेब, मुबारक म्हणू का अजून थांबू?"

डॉक्टरांनी त्याला मोबाइल लर्निंग समजावून सांगितलं. अम्म रगबने मान डोलावून सगळं ऐकून घेतलं आणि वर म्हणाला, "बरोबर आहे साहेब. पण त्यापेक्षा माझ्या मेहुणीची नणंद बघा. बोलते थोडी जास्त, पण तुम्हाला आता बोलणारंच माणूस हवंय."

हा अपमान डॉक्टरांच्या जिव्हारी लागला, कारण त्यातला शेवटचा भाग खरा होता. आता खाली आवाज जाऊ नये म्हणून ते अवातिफच्या कपड्यांच्या कपाटात शिरले. दीड वर्षात त्यांनी ते कपाट उघडलं नव्हतं. आत तिचा मरून रंगाचा कोट होता, हिवाळ्यातल्या शाली होत्या आणि डांबरगोळ्यांचा वास होता. कोटाच्या बाहीशेजारी गुडघे पोटाशी घेऊन डॉक्टरांनी मध्यक शिकवला. तीनदा शिंकले. एकदा नुसतेच थांबले, बराच वेळ. तो धडा मुलांना सगळ्यांत जास्त आवडल्याचं कळलं. डॉक्टरांचा आवाज इतका जवळून कधी आला नव्हता, असं कुणीतरी लिहिलं. डॉक्टरांना फार वाईट वाटलं. हॉलमध्ये इतकी वर्षं घसा फोडून जे जमलं नाही, ते कपाटात जमलं होतं.

त्यानंतरच्या शुक्रवारी ते पुन्हा जेवणाच्या टेबलावर आले. नमुना निवड शिकवायची होती. मसूरडाळीचं सूप गार होत चाललं होतं, म्हणून बोलता बोलता त्यांनी एक चमचा तोंडात घातला. चमचा वाजला आणि तो मोबाइलला ऐकू गेला, हे त्यांच्या लक्षात आलं. आता ऐकणाऱ्याच्या देखत खायचं आणि त्याला या म्हणायचं नाही, हे त्यांच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. ते सवयीने बोलून गेले, "या जेवायला. डाळीचं सूप आहे. शुक्रवारी मी घरीच असतो. घर तुमचंच आहे."

याला त्या नदीवर नावाड्याचं आमंत्रण म्हणतात. भर प्रवाहातून जाणारा नावाडी काठावरच्या माणसाला हात करून ओरडतो, या जेवायला. काठावरचा छातीवर हात ठेवून म्हणतो, तुमच्या हाताला सुख लाभो, पुढच्या वेळी नक्की. नाव पुढे जाते. नावाड्याचं मन मोठं ठरतं, काठावरच्याचा मान राहतो आणि भाकरी होती तेवढीच राहते. यात कुणी फसत नाही आणि कुणी जेवतही नाही. त्या देशात लहान पोरालासुद्धा हे कळतं.

उत्तरं धबाधबा आली. "तुमच्या हाताला सुख लाभो, डॉक्टर." "तुम्ही म्हणालात त्यातच पोट भरलं." हातिमने लिहिलं की डॉक्टरांच्या घरचं मीठ न खाताही तो जन्मभर त्या मिठाला जागेल. डॉक्टरांनी सगळं वाचलं, पुन्हा वाचलं, आणि सूप गरम करायला ठेवलं. जगरहाटीप्रमाणे सगळं व्यवस्थित चाललं होतं.

पुढच्या शुक्रवारी नमाजानंतर दारावरची बेल वाजली. डॉक्टर घरातला फाटका झगा घालून, एका पायात मोजा अशा थाटात दार उघडायला गेले. बाहेर वर्गातली मलेशियाची इझ्झाती उभी होती, हातात मिठाईचा खोका. तिच्यामागे नायजेरियाचा दानलादी, कडक इस्त्रीचा पांढरा झगा आणि भरतकामाची टोपी, जणू लग्नालाच आलाय. दोघांची अरबी पुस्तकातून शिकलेली. पत्ता त्यांनी डीनच्या कचेरीतून रीतसर मिळवला होता.

"आदरणीय गुरुवर्य," इझ्झाती म्हणाली, "आपल्या निमंत्रणास मान देऊन आम्ही उपस्थित झालो आहोत. आम्ही नियोजित वेळेपूर्वी तर आलो नाही ना?"

नावाडी नावेत आणि काठावरची दोन माणसं पाण्यात उतरून नावेपर्यंत चालत आली, असा प्रसंग त्या नदीच्या इतिहासात घडला नव्हता. काय करायचं याचा कुणी दाखला घालून ठेवला नव्हता. डॉक्टर "या या, घर उजळलं" म्हणत त्यांना आत घेऊन गेले आणि स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यात डोकावले. सूप एका माणसाचं होतं, आणि तोही माणूस मिताहारी.

त्यांनी गॅलरीतून दोरीची टोपली खाली सोडली आणि अम्म रगबला हाक मारली. कोंबडी, भात, काय मिळेल ते. हाक चौथ्या मजल्याला ऐकू गेली. मादाम इन्शिराह यांनी अर्थ काढला की वधूपक्षाची माणसं आली आणि शलबींच्या घरी शिरायला आता आपला मॅकरोनीचा ट्रे हेच एक निमित्त आहे. तिकडे टोपलीत भाजलेली कोंबडी मावेना, म्हणून अम्म रगब लिफ्टने निघाला. तिसरा आणि चौथा मजला यांच्या मधोमध लिफ्टने प्राण सोडला. मादाम इन्शिराह जिन्यात ट्रे घेऊन उभ्या. त्यांनी फटीतून आधी कोंबडी काढून घेतली, मग भात, आणि मग आत माणूस आहे हे मान्य केलं. अम्म रगब आतून ओरडत होता की साहेबांना सांगा, काकडी माझ्याकडेच राहिली.

ट्रे घेऊन वर आलेल्या मादाम इन्शिराह यांनी इझ्झातीकडे पाहिलं, दानलादीकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पडला. "हे विद्यार्थी?" त्या म्हणाल्या. "नुसते विद्यार्थी?" तरीही त्या जेवायला बसल्या. सुटका झाल्यावर अम्म रगबही काकडी घेऊन आला. डॉक्टरांच्या त्या टेबलाला पाच खुर्च्या होत्या. त्यातल्या चार भरल्या आणि डॉक्टरांना बसायला जागा शोधावी लागली, ही अडचण त्यांना इतक्या दिवसांनी आली की ते हातात चमचा धरून जरा वेळ उभेच राहिले. मग अवातिफच्या खुर्चीवर बसले.

मिठाई झाल्यावर डॉक्टरांच्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. त्यांनी घसा साफ केला.

"खरं सांगा. मला बरं वाटावं म्हणून नको. हॉल की मोबाइल?"

इझ्झाती टेबलाकडे बघू लागली. दानलादीने हात पुसले.

"मोबाइल, डॉक्टर," तो म्हणाला. "हॉलमध्ये आपण भिंतीशी बोलता आणि फार वेगाने बोलता. आम्हा बाहेरच्या मुलांना अर्धं कळत नाही, आणि आपल्याला थांबवणं शक्य नसतं. मोबाइलवर थांबवता येतं. कपाटातला धडा मी चारदा ऐकला. मध्यक मला पहिल्यांदा समजला."

"तो कपाटात होता, हे तुला कसं कळलं?"

"कोट घासल्याचा आवाज येतो."

डॉक्टर हसले. पण हॉल गेला होता. त्यांनी इझ्झातीकडे पाहिलं. तिने मान हलवली, हो, तिचंही तेच मत होतं. जेवणाच्या टेबलावर बसून यजमानाला त्याच्या तोंडावर असं सांगणारी माणसं त्यांना जन्मात भेटली नव्हती.

"मग मोबाइलच बरा, तर इथे कशाला आलात?" त्यांनी विचारलं, आणि आवाज वाटला त्यापेक्षा कडू निघाला.

इझ्झाती गोंधळली. प्रश्न समजला की नाही अशी तिला शंका आली असावी. "आपण बोलावलंत," ती म्हणाली.

महिना संपला आणि प्रश्नावली पुन्हा निघाली. इजिप्तची मुलं पुन्हा एकदिलाने पूर्ण सहमत. म्हणजे डॉक्टरांच्या हाती खरी अशी दोनच उत्तरं होती आणि दोन्ही त्यांच्या मुळावर आलेली. ती वगळली असती, तर कुणाला कळलं नसतं. परदेशी विद्यार्थी नमुन्यात धरू नयेत असा नियमही सापडला असता, सांख्यिकीत शोधलं की सापडतो. डॉक्टर ते पान पुढ्यात घेऊन दिवसभर बसले. मग त्यांनी लिहिलं की जिथे खरं उत्तर मिळालं, तिथे ते मोबाइलच्या बाजूने मिळालं. शाहिनाझबाईंनी अहवालाचं कौतुक केलं. सत्र संपण्याआधीच चार नंबरच्या हॉलमधली बाकं व्हरांड्यात आली, आणि डॉक्टर आपली खडूची पेटी घेऊन घरी आले. मोबाइलला खडू लागत नाही, पण टाकवेना.

परीक्षा संपल्या तशी दर शुक्रवारी जेवायला येणारे इझ्झाती आणि दानलादी सुटीसाठी आपापल्या देशी गेले. शुक्रवार पुन्हा एका वाडग्याचा झाला. सुटीच्या शेवटच्या शुक्रवारी नेमाप्रमाणे दोहाहून तामिरचा फोन आला. खुशाली झाली, हवा झाली, आणि नेमाप्रमाणेच तो म्हणाला, "बाबा, या ना आमच्याकडे. घर तुमचंच आहे."

यावर डॉक्टरांनी नेहमी "पुढच्या वेळी नक्की" म्हणायचं असे. आज त्यांना काय झालं कोण जाणे. "कुठल्या तारखेला येऊ?" त्यांनी विचारलं.

पलीकडे कुणीतरी भांडी घासत होतं, तो आवाज थांबला.

"म्हणजे... बाबा, या की," तामिर म्हणाला. "फक्त मुलांच्या परीक्षा आहेत, आणि ती खोली आता... मी बघून सांगतो."

"अरे, गंमत केली," डॉक्टर म्हणाले. "मला कुठे वेळ आहे? रेकॉर्डिंग असतं."

"हो ना, तेच," तामिर म्हणाला. त्याचा सुटलेला निश्वास दोहाहून मन्सूऱ्याला स्पष्ट ऐकू आला.

फोन ठेवून डॉक्टर गॅलरीत आले. खाली नदीतून एक नाव चालली होती. नावाडी खात बसला होता. त्याने वर बघून हात केला आणि डॉक्टरांनी छातीवर हात ठेवला. नाव पुढे गेली. तामिरचा राग येईना. तो काही वावगं बोलला नव्हता. आपणही त्याला आजवर कधी खरं उत्तर दिलं नाही, एकटं वाटतं असं एकदाही म्हटलं नाही, हे डॉक्टरांना कळत होतं. बाप आणि मुलगा इतकी वर्षं एकमेकांना पूर्ण सहमत लिहीत आले होते.

ते आत आले आणि मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवला. नव्या सत्राचा पहिला धडा झाला. शेवटी ते जेवायला बोलावण्यापाशी आले आणि अडले. या जेवायला, असं खरोखर म्हणायचं असेल तर म्हणायचं कसं? मनापासून या, हे सगळेच म्हणतात. देवाची शपथ, आलंच पाहिजे, हेही लोक जिन्यात उभे राहून दार लावता लावता म्हणतात. सगळे शब्द आधीच वापरून गुळगुळीत झाले होते.

"शुक्रवारी जेवायला या," ते शेवटी म्हणाले. "पाचवा मजला. लिफ्ट कोंबडीच्या दिवसापासून बंद आहे, तेव्हा चढावं लागेल. मसूर पुरेल एवढी भिजवतो. आणि येताना रोट्या घेऊन या, माझे गुडघे मला बेकरीपर्यंत जाऊ देत नाहीत."

पाहुण्याला रोट्या आणायला सांगणारा यजमान त्या शहराने पाहिला नव्हता. अवातिफने हे ऐकलं असतं, तर तोंड लपवलं असतं. डॉक्टरांचे कान तापले, पण त्यांनी धडा पाठवून दिला.

उत्तर आलं नाही. तुमच्या हाताला सुख लाभो, असं कुणी म्हटलं नाही. पोट भरलं, असं कुणी लिहिलं नाही. सगळा वर्ग धडा ऐकून चूप झाला होता. डॉक्टरांना वाटलं, संपलं, म्हाताऱ्याला लाज राहिली नाही असं मुलं आपसात म्हणत असतील. त्यांनी मोबाइल पालथा घातला, मसूर मोजून डब्यातून काढली, एक वाडगाभर, आणि पुन्हा डब्यात टाकली.

मग मोबाइल थरथरला. हातिमचा मेसेज होता. ना सलाम, ना दुवा, ना मिठाला जागण्याची गोष्ट.

"रोट्या बलदी आणू की शामी?"

डॉक्टरांनी तो दोनदा वाचला आणि उत्तर लिहायला चष्मा शोधू लागले. चष्मा डोळ्यांवरच होता, काचा तेवढ्या पुसायला हव्या होत्या.